तंबाखूची पुडी ठेवायची कुठे?

वसमतच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. घरात सासूबाईंची मशेरी आणि यजमानांची तंबाखू. दोन्ही डबे स्वयंपाकघरातल्या फळीवर. पावसाळ्यात तंबाखू ओलावते, उन्हाळ्यात वाळून चुरा होते. ती ताजी राहावी म्हणून कशी ठेवावी, आणि पुडीवरची तारीख उलटून गेली तर ती चालते का, असं त्यांनी विचारलं आहे.

प्रश्नात लाजण्यासारखं काही नाही. डाळ, लोणचं, मसाला सांभाळणारी बाईच घरातली ही पुडीही सांभाळते. आणि हिंगोली जिल्ह्यातल्या बायकांना साठवण शिकवायची म्हणजे काय! वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हळद कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवायची, हे तिथे शाळकरी मुलीलाही ठाऊक असतं. कोरडी ठेवलेली हळद जुनी झाली तर फार तर रंग उतरतो, वास कमी होतो. आपण चमचाभर जास्त घालतो, झालं.

तंबाखूचं मात्र तसं नाही. पुडीवर ती कधी तयार केली ते छापलेलं असतं. कुठे कुठे ‘अमुक महिन्यांत वापरावी’ असंही असतं. पण ही मुदत चवीची आणि ओलाव्याची. त्या तारखेच्या आत खाल्ली तर बाधत नाही, असा तिचा अर्थ मुळीच नाही. त्याच पुडीवर मोठ्ठं चित्र छापलेलं असतं ना? २०१६ सालापासून पुडीचा ८५ टक्के भाग त्या इशाऱ्यासाठी ठेवावा लागतो. तारीख शोधताना आपली नजर नेमकी त्या चित्रावरून घसरते.

आता ओलाव्याचं बघू. तंबाखूच्या पानात मुळातच नायट्रेट नावाचे क्षार असतात. ओल आणि ऊब मिळाली की जंतू त्यांचं रूप बदलतात, आणि मग त्यांचा तंबाखूतल्या निकोटिनसारख्या द्रव्यांशी संयोग होऊन नायट्रोसामाइन तयार होतात. कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं ती हीच. म्हणजे सादळलेली, कोंदट डब्यातली तंबाखू नुसती बेचव होत नाही, तिच्यातलं विष वाढू शकतं. वर बुरशी धरते ती वेगळीच.

मग फ्रिजमध्ये ठेवली तर? स्वीडन देशात ओठाखाली ठेवायची ओली तंबाखू मिळते. ती तयार करताना उष्णता देऊन जंतू मारतात आणि दुकानात थंड कपाटात ठेवतात. त्यामुळे ही द्रव्यं कमी राहतात, पण नाहीशी होत नाहीत आणि निकोटिनचं व्यसन तर जसंच्या तसं राहतं. आपल्या बाजारातल्या तंबाखूवर तसले संस्कारही झालेले नसतात. तेव्हा फ्रिजमधल्या दुधाशेजारी ही पुडी ठेवून काही साधणार नाही. जुनी, ओली, बुरशी आलेली तंबाखू उन्हात वाळवून परत वापरू नये, टाकून द्यावी. आणि नवी आणली म्हणजे ती निर्धोक, असंही समजू नये.

पानटपरीवर घोटून मिळणाऱ्या खर्ऱ्यावर तर तारीखच नसते. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरीही कोणी चोरून विकत असेल, तर त्याने छापलेल्या तारखेवर विश्वास तो काय ठेवायचा?

मशेरीबद्दल थोडं वेगळं बोललं पाहिजे, कारण ती आपल्या बायकांची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, बोटाने दातांना लावायची. पुष्कळजणींना दाढ दुखली म्हणून कोणीतरी शिकवलेली असते. दाढ केव्हाच पडून जाते, पण मशेरी दिवसातून चारदा लागते. ‘मी काही तंबाखू खात नाही, नुसती मशेरी लावते’ असं आपण म्हणतो. पण भाजल्याने तंबाखूची तंबाखू राहात नाही, असं थोडंच आहे? शिवाय त्याच तव्यावर मग भाकरी! निदान एवढं तरी आजपासून बंद करा.

घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर हे जास्तच मनावर घ्या. मुंबईतल्या गरोदर बायकांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की मशेरी किंवा तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी जन्मली. आपण डिंकाचे लाडू करतो, अळीव देतो ते बाळाचं वजन भरावं म्हणूनच ना? मग एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं, असं कशाला?

आता पुडी ठेवायची कुठे, ते सांगते. सवय आजच्या आज सुटत नसेल, तोवर डबा स्वयंपाकघरात नको. मसाल्याच्या, गोळ्या-बिस्किटांच्या डब्यासारखा डबा तर नकोच नको. उंच फळीवर, कुलपात ठेवा. उशाखाली, खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात पुडी राहिली की ती रांगत्या-चालत्या मुलाच्या हाती लागते. चिमूटभर तंबाखूही लहान मुलाला बाधते. लाळ गळते, उलट्या होतात, मूल पांढरंफटक पडतं. अशा वेळी तोंडातली तंबाखू पुसून काढा, मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, आणि पुडी बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.

चुन्याची पुडी आणि नळी तर त्याहून वाईट. मूल ती दाबतं, फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुन्याने बुबुळ भाजतं, दृष्टी जाऊ शकते. डोळा चोळू देऊ नका. चुन्याचा कण दिसत असेल तर स्वच्छ ओल्या कापडाच्या टोकाने अलगद काढा आणि लगेच स्वच्छ पाण्याची धार धरा, चांगली वीस-तीस मिनिटं. मूल रडलं तरी थांबू नका. दूध, तूप, मध काही घालू नका. मग डोळ्याच्या डॉक्टरांकडे न्या.

तारीखच बघायची असेल तर ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. महिन्यातून एकदा उजेडात तोंड तपासायचं, स्वतःचं आणि घरातल्यांचं. ‘आत्या, तोंड उघडा बघू’ म्हणायला संकोच कसला? पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, तिखट न सोसणं, तीन बोटं उभी मावतील एवढं तोंड न उघडणं, यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. गावातल्या आशाताईंना विचारा, त्या सांगतील.

सोडायची म्हटली की पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. दोन ते चार आठवड्यांत ते बहुधा ओसरतं. तोंडात बडीशेप, ओवा, लवंग धरा. सुपारी मात्र नको, तीही कर्करोगाला आमंत्रण देते. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो, आणि गंमत म्हणजे तो त्या पुडीवरच छापलेला असतो. यजमानांना टोमणे मारण्यापेक्षा तो फोन लावून द्या. ज्या भगिनींनी मशेरी सोडली आहे त्यांनी पहिला महिना कसा काढला, ते आम्हाला जरूर कळवावं. वसमतच्या आत्याबाईंना त्याचा उपयोग होईल.