हरणाच्या डोळ्यांनी पाहिले तर…

गेल्या हिवाळ्यात आठवीच्या वर्गाची सहल रालामंडलला जायची होती. सूचनापत्रात नेहमीप्रमाणे एक ओळ होती : "भडक, विशेषतः लाल-नारिंगी कपडे घालू नयेत, प्राणी बुजतात." ती ओळ मीच लिहिलेली. वर्गात वाचून दाखवली, तशी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "पण सर, वाघ तर नारिंगीच असतो ना? मग हरणं त्याला बघून आधीच का पळत नाहीत?"

वर्ग हसला. मी "पट्ट्यांमुळे तो दिसत नाही" असे काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्नाने पाठ सोडली नाही. उत्तर शोधता शोधता मी जाऊन पोचलो तो थेट अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या कपड्यांपाशी. तिथे जे सापडले ते आपल्या वाचकांना, आणि विशेषतः आम्हा शिक्षकांना, सांगावेसे वाटते.

शाळेच्या वार्तापत्रात शिकारीचा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. होळकरांच्या काळातले शिकारीचे रान असलेले रालामंडलही 1989 पासून अभयारण्य आहे. अमेरिकेत मात्र ठरलेल्या हंगामात, परवाना काढून हरणाची शिकार करता येते आणि लाखो लोक ती करतात. एकाच रानात इतक्या बंदुका फिरू लागल्या की झुडपामागे हललेली सावली हरीण समजून माणसावरच गोळी झाडली जाते. असे अपघात टाळण्यासाठी तिथल्या बहुतेक राज्यांनी बंदुकीच्या हंगामात झगझगीत नारिंगी रंगाचे जाकीट किंवा टोपी सक्तीची केली आहे. न्यूयॉर्कसारख्या मोठ्या राज्यात हरीण आणि अस्वलाच्या शिकारीसाठी ही सक्ती 2021 मध्ये आली. तिथे झगझगीत गुलाबीही चालतो.

पुष्कळ शिकाऱ्यांना हा नारिंगी रंग नकोसा वाटे. त्यांची शंका माझ्या सूचनापत्रातल्या ओळीसारखीच होती : मैलभरावरून माणसाला दिसणारा रंग हरणाला दिसणार नाही का? म्हणजे हरीण हातचे जाऊ नये म्हणून माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालायला तयार. ही शंका कुणीतरी हरणालाच विचारून फेडायला हवी होती.

ते काम 1992 साली जॉर्जिया विद्यापीठात झाले. हरणांना भूल देऊन त्यांच्या डोळ्यांत निरनिराळ्या रंगांचा प्रकाश लुकलुकवला आणि दृष्टिपटलातून उठणारे सूक्ष्म विद्युत संदेश मोजले. जेरल्ड जेकब्स, जे नाइट्झ आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष 1994 मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. हरणाच्या डोळ्यांत दोनच. एक प्रकार निळ्या-जांभळ्या प्रकाशाला, सुमारे 450 ते 460 नॅनोमीटरला, जास्त प्रतिसाद देतो; दुसरा हिरव्याला, सुमारे 540 नॅनोमीटरच्या आसपास. लाल-नारिंगीसाठी आपल्याकडे असलेला तिसरा प्रकार त्याच्याकडे नाहीच. शिकाऱ्याचा नारिंगी रंग 600 नॅनोमीटरच्या जवळपासचा. त्यामुळे आपल्याला आगीसारखा वाटणारा तो रंग हरणाला झाडोऱ्याच्या पिवळट-करड्या छटांतलाच एक दिसतो.

उलट गंमत निळ्याची. आपले नेत्रभिंग अतिनील किरण बरेचसे अडवते, हरणाचे तितके अडवत नाही. त्यात हरीण चरायला निघते ते भल्या पहाटे आणि संध्याकाळी, जेव्हा उजेडातच निळ्याचा वाटा जास्त असतो. आता आठवा आपले टिनोपाल. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे द्रव्य घालतात, ते अतिनील किरण शोषून त्यांचा निळसर उजेड करून परत फेकते. असल्या पावडरीने धुतलेला हिरवा-खाकी शिकारी वेष आपल्याला रानात मिसळलेला वाटतो. हरणाला मात्र तो मंद निळसर चमकत असण्याचीच शक्यता जास्त. नारिंगीला घाबरणारे शिकारी निळी जीन्स मात्र बिनदिक्कत घालत होते!

रंगाखेरीज आणखीही फरक आहेत. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चोहीकडचे दिसते. हालचाल ते चटकन टिपते. पण बारीक तपशील त्याला आपल्याइतका स्पष्ट दिसत नाही. इथे मला कॅमोफ्लाज कपडे बनवणाऱ्यांविषयी एक तक्रार नोंदवायची आहे. 1986 च्या सुमारास अमेरिकेत 'रियलट्री' आणि 'मॉसी ओक' ही कापडे निघाली. त्यांवर झाडाची साल, फांद्या, पाने इतकी हुबेहूब छापलेली की हात लावून पाहावेसे वाटावे. पण ती साल-पाने बघून खूश होणार कोण? दुकानात उभे असलेले गिऱ्हाईक! काही अंतरावरून हरणाच्या डोळ्याला ते सारे बारीक काम पुसट होऊन एकच गडद डाग उरतो, आणि त्या डागाला माणसाचा आकार असतो. माझ्या मते यातला बराचसा कॅमोफ्लाज हरणाला फसवण्यासाठी काढलेलाच नव्हता. तो विकत घेणाऱ्या माणसासाठी काढलेला होता.

पुढे दृष्टी बदलली. 2000 च्या दशकाच्या अखेरीस गोर कंपनीने 'ऑप्टिफेड' नावाचे कापड आणले. त्यासाठी हरणाच्या डोळ्याचा अभ्यास केलेले तेच जे नाइट्झ आणि लष्करी कॅमोफ्लाजमधले जाणकार टिमोथी ओ'नील यांची मदत घेतली. त्यावर ना साल, ना पान. लहान चौकोनी ठिपके पार्श्वभूमीत मिसळण्यासाठी आणि मोठे गडद-फिके पट्टे शरीराचा आकार मोडण्यासाठी. आपल्याला ते रानासारखे अजिबात वाटत नाही. वाटण्याची गरजही नाही. ते आपल्यासाठी नाहीच.

आता त्या मुलीचा प्रश्न. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये संगणकाच्या साहाय्याने नेमके हेच तपासले. दोनच प्रकारच्या शंकुपेशी असलेल्या डोळ्याला वाघाचा नारिंगी आणि रानाचा हिरवा यांत फारसा फरक उरत नाही. सस्तन प्राण्याच्या केसांत हिरवा रंग तयार होत नाही. पण भक्ष्याच्या डोळ्याला नारिंगीच हिरव्यासारखा दिसत असेल, तर वाघाचे काय अडले? शिकाऱ्यांच्या नारिंगी जाकिटाचा शोध वाघाला फार आधी लागला होता म्हणायचा.

काही जण म्हणतील, हरणाचा डोळा समजून घेऊन शेवटी त्याला मारायचेच ना? हा आक्षेप मला पटतो, आणि तसली शिकार मला आवडतही नाही. पण हेच ज्ञान एका माणसाची गोळी दुसऱ्या माणसाला लागू नये म्हणूनही कामी आले. नारिंगी घातल्याने शिकार हुकत नाही, हे मोजून सांगता आले. भीतीपेक्षा मोजमाप बरे, ते याचसाठी.

मला बोचले ते वेगळेच. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. झाडाच्या आकृतीत त्याने पाने तपकिरी रंगवली होती. "लक्ष कुठे आहे तुझे?" म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर उभे केले. तो काहीच बोलला नाही. काही जणांना जन्मतःच लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण समोर उभ्या असलेल्या मुलाच्या बाबतीत ते सुचले नाही. हरणाच्या शंकुपेशींविषयी वाचताना तो मुलगा आठवला. मीही त्या कापडवाल्यांसारखाच वागलो होतो. आकृती त्याने काढली होती आणि मी ती फक्त माझ्या डोळ्यांनी पाहिली होती.

म्हणून माझी शाळेला दोन मागण्या आहेत. 'डोळा' हा धडा शिकवताना माणसाच्या डोळ्यावर थांबू नये. हरणाचा, मधमाशीचा, पक्ष्याचा डोळाही मुलांना दाखवावा. आणि दर वर्षी मुलांची नेत्रतपासणी करताना रंगदृष्टीही तपासावी. ठिपक्यांतून आकडा ओळखायच्या त्या तक्त्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत. फळ्यावर लाल-हिरव्या खडूने फरक दाखवताना आम्ही शिक्षकांनी शेजारी अक्षर किंवा खूण करण्याची सवय लावून घ्यावी.

यंदाच्या सहलीचे सूचनापत्र मी बदलले आहे : "पांढरेशुभ्र आणि निळे कपडे टाळावेत. पक्ष्यांना लाल रंग चांगला दिसतो, म्हणून लालही नको. सर्वांत महत्त्वाचे, हळू चालावे आणि गप्प राहावे." खाली त्या मुलीचे नाव घालणार होतो, ती लाजली आणि नको म्हणाली. प्रश्न मात्र तिचाच आहे.