गाठीमागची मजुरी कोण देणार?

मानोरा तालुक्यातील इंझोरी येथून एका कार्यकर्त्या मित्राचे पत्र आले आहे. गावातील महिला बचत गटाने बांधणीचे, म्हणजे कापडाला दोऱ्याने गाठी मारून ते रंगविण्याचे, शिक्षण घेतले आहे. आता ओढण्या, कुडते व साड्या तयार करून त्या मानोरा-कारंजाच्या बाजारांत आणि रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत विकाव्यात व त्यासाठी कर्ज काढावे, असा बेत आहे. ‘आपण आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले, तेव्हा हे किफायतशीर होईल काय ते कळवावे,’ अशी मित्राची पृच्छा आहे. उत्तर एका पोस्टकार्डात मावले असते. परंतु असले वर्ग भरविण्यात आपलेही कार्यकर्ते हौसेने पुढे असतात आणि त्याला विधायक कार्य म्हणतात, म्हणून हे उत्तर जाहीरपणे देणे अगत्याचे वाटते.

प्रथम साधा हिशेब मांडू. पुढील आकडे कोणत्याही पाहणीतील नाहीत. वाचकांनी आपापल्या गावचे भाव घालून ताळा पाहावा. समजा, एका ओढणीला अडीच मीटर सुती कापड लागले, ६० रुपये मीटरने १५० रुपये. रंग, मीठ, सोडा, दोरा व सरपण मिळून ४० रुपये. कापडाची खळ काढायची, नक्षी आखायची, चिमटीत कापड धरून गाठी मारायच्या, फिक्या रंगात बुडवायचे, पुन्हा गाठी मारून गडद रंगात बुडवायचे, धुवायचे, वाळवायचे. हे पुरते दोन दिवसांचे काम आहे. २०२५-२६ साली रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये मजुरी ठरली होती. तोच दर धरला तर दोन दिवसांचे ६२४ रुपये होतात आणि ओढणी ८१४ रुपयांना पडते. बाजारात तिला कोणी ४०० देईल, तर नशीब समजावे. कच्चा माल वजा जाता २१० उरले. बाजाराच्या दिवशी चार नग विकले गेले आणि एस.टी.चे तिकीट, बैठकीची पावती व चहापाणी मिळून १२० रुपये लागले (२०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, ते धरूनच), तर नगामागे आणखी ३० गेले. राहिले १८०, म्हणजे दिवसाला ९० रुपये. बाजारात उन्हात बसून घालविलेला दिवस यात धरलेलाच नाही. न विकलेला माल, रंग फुटून वाया गेलेले कापड आणि कर्जाचे व्याजही धरलेले नाही.

यावर सरकारी पुस्तिकांचे उत्तर ठरलेले आहे: ही बाई मजूर नाही, ती उद्योजिका आहे, तिला मिळतो तो नफा होय. शब्दांची ही अदलाबदल निरुपद्रवी नाही. मजुराला किमान वेतनाचा कायदा असतो, उद्योजिकेला नसतो. मजुराचे काम सुटले तर मालकाला जाब विचारता येतो. उद्योजिकेचा माल पडून राहिला तर दोष तिच्या ‘कौशल्या’चा, ‘पॅकिंग’चा, ‘मार्केटिंग’चा. स्वतःची मजुरी बुडवून ग्राहकाला स्वस्त माल देणाऱ्या या बाईला उद्योजिका म्हणण्याने एवढेच साधते की, तिच्या तोट्याची जबाबदारी कोणावरच येत नाही.

ओढणीला ८०० रुपये का मिळत नाहीत, हा खरा प्रश्न आहे. शेजारच्याच पालात सुरतेहून आलेली ‘बांधणी’ टांगलेली असते. तिच्यावर एकही गाठ कोणी मारलेली नसते. कृत्रिम धाग्याच्या कापडावर यंत्राने ठिपके छापलेले असतात. बांधणीच्या प्रदेशांत खरा माल गाठी न सोडताच विकण्याची रीत आहे. ग्राहकाच्या देखत कापड ओढले की दोरे तटातट सुटतात आणि सुरकुत्यांसह ठिपके उमलतात. हाताच्या कामाची तीच पावती. आपल्या बाजारातील ग्राहकाला ही खूण माहीत असण्याचे कारण नाही. तोही सोयाबीन-कपाशीचा शेतकरी नाही तर मजूरच आहे. त्याने दीडशेची छापील ओढणी घेतली तर त्याला दोष कसा देणार?

ही नक्कल आजची नाही. डोक्याला वा गळ्याला बांधायच्या ज्या रुमालाला जगभर ‘बंडाना’ म्हणतात, तो शब्द आपल्याच बांधणीच्या कुळातला. ईस्ट इंडिया कंपनी बंगालमधून गाठी मारून रंगविलेले रुमाल विलायतेला नेत असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्लासगोच्या कारखानदारांनी तांबडे कापड शिशाच्या पत्र्यांत दाबून, क्लोरीनच्या द्रावणाने ठिपके उडविण्याची युक्ती काढली आणि थानेच्या थाने बाजारात ओतली. नाव बांधणीचे राहिले, गाठ मारणारे हात गेले. आज ग्लासगोच्या जागी आपलेच कारखाने आहेत, एवढाच फरक. आणि स्वदेशीच्या घोषणेने त्यांना जाब विचारता येत नाही, ही अडचण त्यात अधिक.

वऱ्हाडाला या धंद्यात उपजत फायदाही काही नाही. बांधणीचे माहेर कच्छ, जामनगर आणि राजस्थान. आपल्याकडे भावसार, रंगारी व निराळी समाजांनी कापड रंगविण्या-छापण्याचा व्यवसाय केला. निराळ्यांचे तर नावच निळीवरून पडले. पण ती साखळी कधीच तुटली. कापूस म्हणावा तर तो चोहीकडे पिकतो, परंतु येथून सरकीविना गाठी बांधून जातो आणि कापड होऊन परत येतो, तेव्हा सूतगिरणी, माग, व्यापारी व वाहतूकदार या सर्वांचा वाटा त्यात मिळालेला असतो. त्यावर कराचा भाग आहे. कापडावर ५ टक्के व रंगावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ही बाई दुकानात मुकाट्याने भरते. उलाढाल लहान म्हणून ती नोंदणीबाहेर, आणि नोंदणी नाही म्हणून भरलेल्या कराची वजावट नाही. गिरणीमालकाला ती मिळते. लहानांना करमाफी दिल्याचे श्रेय मात्र सरकार घेते.

हंगामाची गोष्ट तर अशी की, मुंबईत बसून योजना आखणाऱ्याच्या ती ध्यानातही येणार नाही. कापड विकण्याचा मोठा काळ दिवाळी. नेमके तेव्हा सोयाबीन नुकते निघालेले असते, शेतात सीतादही होऊन वेचणी सुरू होते आणि गावातील प्रत्येक बाईचे हात कापसाला हवे असतात. वेचणीची रोख मजुरी टाकून गाठी मारीत बसणे तिला परवडत नाही. वेळ असतो तो उन्हाळ्यात. तेव्हा रंगीत कापड पाच-पाच पाण्यांतून काढायचे, तर पाणी कोठून आणावे? पावसाळ्यात पाणी असते, पण कापड वाळत नाही आणि बाजारात चिखल असतो. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने येतो. सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या व्याजावर असलेली मर्यादा रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून उठविली, हे गटाच्या सभेत कोणी सांगितले आहे काय?

‘कच्छमध्ये हजारो कुटुंबे बांधणीवर जगतात ना?’ असे विचारले जाईल. जगतात; पण कोण कसे जगते तेही पाहावे. रंगाची विद्या व व्यापार एकाकडे, आणि घरी बसून नखाने कापड उचलून गाठी मारणाऱ्या बायकांना गाठींच्या मोजणीवर मजुरी. गाठ जितकी बारीक तितके वस्त्र मौल्यवान, आणि डोळे तितके लवकर अधू. माहेरची ही स्थिती. मग सासरी काय होईल?

कायद्याचे संरक्षण म्हणाल तर तेही आडवाटेने गेले आहे. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा हा चळवळींच्या रेट्यामुळे झालेला चांगला कायदा आहे. विक्रेत्यांचे सर्वेक्षण झाल्याखेरीज त्यांना उठविता येत नाही आणि नगर पथविक्रेता समितीत त्यांचे ४० टक्के प्रतिनिधी असतात. पण तो नगरपालिका, नगरपंचायतींच्या हद्दीपुरता. म्हणजे इंझोरीची बाई कारंजाच्या बाजारात गठुडे सोडून बसली की ती कायद्याने पथविक्रेती, आणि तेच गठुडे घेऊन एखाद्या खेड्याच्या आठवडी बाजारात बसली की कोणीच नाही. तेथे बाजाराचा हर्रास होतो, जो अधिक बोली लावील तो ठेकेदार, आणि बैठकीचे किती घ्यायचे हे पुष्कळदा त्याच्या मुजोरीवर ठरते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत शिंपी आहे, परीट आहे. रंगारी नाही आणि विणकरही नाही.

हस्तव्यवसायाविषयी समाजवाद्यांनी काही वेगळे म्हटले होते, याचा आपल्यालाच विसर पडला आहे. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या कमलादेवी चट्टोपाध्याय १९५२ साली अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळाच्या प्रमुख झाल्या. कारागिराला शिकवून बाजारात एकटे सोडणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी सहकारी संघ उभारला आणि दिल्लीचे मोठे विक्रीभांडार काही वर्षे त्या संघाने चालविले. प्रा. द. गो. कर्वे यांच्या समितीने १९५५ साली गिरणी व हातमाग यांची उत्पादनक्षेत्रे आखून देण्याचा विचार मांडला. त्याआधीच १९५३ च्या कायद्याने गिरणीच्या कापडावर जादा कर बसवून तो पैसा खादी व हातमागाकडे वळविला होता. १९८५ च्या कायद्याने २२ प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले. पुढे ते ११ वर आणले. राखीव ठेवली ती वीण, रंगकाम नव्हे. आणि कमलादेवींचे ते मंडळ ऑगस्ट २०२० मध्ये, टाळेबंदीत कारागिरांचा माल घरोघर पडून असताना, केंद्र सरकारने रद्द केले. त्याविरुद्ध आपण मोर्चा काढल्याचे मला तरी आठवत नाही. रंगाची पाकिटे वाटण्याचे कार्यक्रम मात्र चालू आहेत.

सहकारी संस्थाही बुडतात, पुढाऱ्यांच्या घरच्या होतात, हे महाराष्ट्रात कोणी मला शिकवावयास नको. तरीही एकेका बाईने आपल्या जोखमीवर पाल ठोकण्यापेक्षा तालुक्याच्या गटांनी मिळून कापड व रंग ठोक घ्यावेत, गाठींच्या कामाची मजुरी रोजगार हमीच्या दराने आधी ठरवावी आणि त्या मजुरीत माल विकला जात नसेल तर तो धंदाच घेऊ नये, हे मला निश्चितपणे म्हणावयाचे आहे. त्याच्या जोडीला पक्षाने दोन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. यंत्राने छापलेल्या मालाच्या काठावर ‘छापील’ हा शब्द कायद्याने सक्तीचा करावा; यात सरकारचा पैसाही जात नाही. आणि पथविक्रेता कायदा खेड्यांच्या बाजारांना लागू करावा.

इंझोरीच्या मित्रास माझे उत्तर असे: कर्ज तूर्त काढू नये. गटाने दहा ओढण्या घरच्या पैशांत कराव्यात, प्रत्येकीने तास लिहून ठेवावेत आणि तो कागद मला पाठवावा. तुम्ही स्वतः १ मेच्या ग्रामसभेला जा. ज्या ज्या गावच्या बाजारात या बायका बसणार आहेत, तेथील कार्यकर्त्यांनाही आपापल्या ग्रामसभेत जाऊन विचारावयास सांगा: बाजाराचा हर्रास कितीला गेला, बैठकीचा दर कोणत्या ठरावाने ठरला आणि तो फलकावर का लिहिलेला नाही?