निरीक्षणाची संधी कुणाला?

सुश्रुतसंहितेने शल्यविद्येच्या शिष्याला केवळ पाठांतरावर सोडले नाही. सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवलेले शव थराथराने उकलून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, असा तिचा आदेश आहे. आज त्याच भूमीतील मानवी जीवशास्त्राचा पदवी विद्यार्थी बहुधा आकृत्या गिरवत वर्षे काढतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 1979 मध्ये विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची संशोधन योजना सुरू केली. पण ती वैद्यकीय व दंतवैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी. विज्ञान अकादमींची उन्हाळी शिष्यवृत्ती इतरांनाही खुली आहे. (ती किती महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर दिसते, हे पालकांनीच एकदा पाहून यावे!)

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची वाट मोकळी केली, हे स्वागतार्हच. मात्र त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुणांची अट कशाला? चिकाटी गुणपत्रिकेत उतरत नाही.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी 1993 पासून परिसरातील सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. इंग्लंडमधील नवजात बालकांपेक्षा आपली बालके वजनाने हलकी, तरीही त्यांच्या अंगी चरबी तुलनेने टिकून, असे त्यातून दिसले. मधुमेहाचे मूळ शोधताना मोलाची ठरलेली ही गोष्ट परक्या पाठ्यपुस्तकात सापडणारी नव्हती. त्यासाठी घरोघरी जाऊन मोजमाप घ्यावे लागले, मातांचा विश्वास मिळवावा लागला. नैतिकता समितीची मान्यता आणि अनुभवी मार्गदर्शक असेल, तर अशा कामात पदवीचा विद्यार्थीही हात लावू शकतो. जिल्हा रुग्णालयांशी तसे करार करण्यापासून आपल्या विद्यापीठांना कोणी अडवले आहे?