रिबिनीतली बाटली

दिवाळी तोंडावर आली की कचेऱ्यांतून भेटीच्या पेट्या निघू लागतात. पूर्वी त्यांत काजू-बदाम असत, फार तर स्टीलचा डबा. आता मुंबई-पुण्याच्या बड्या कचेऱ्यांतून वाईनची बाटली, दोन काचेचे पेले, चीजचे तुकडे आणि वर सोनेरी रिबीन अशी पेटीही निघते. नाताळ आणि 31 डिसेंबरला तर तिचीच चलती. सोबत सल्लेही येतात: चीज तासभर आधी फ्रीजबाहेर काढा, मऊ आणि कडक वेगळे ठेवा, मधे द्राक्षे-अक्रोड मांडा, पाहुणे खूश! स्वयंपाक नाही, कष्ट नाहीत!

कष्ट नाहीत? ताट मांडायचे कोणी, पेले विसळायचे कोणी, रात्री दीड वाजता उलटी पुसायची कोणी? चकली-अनारसे सुटलेले नाहीतच, त्यांत हे एक ताट वाढले. फरक एवढाच की चकली करणारी ‘गृहिणी’ होती आणि चीज मांडणारी ‘होस्टेस’ झाली.

पण ताटापेक्षा मला त्या बाटलीबद्दल बोलायचे आहे. कारण ती बाटली आपल्या चळवळीत फूट पाडते आहे, आणि आपण ते बघायला तयार नाही.

जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये आणि मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू द्यायचे ठरवले. साबण, डाळ, सॅनिटरी पॅड आणि पलीकडच्या कपाटात वाईन. विरोध झाला तेव्हा सत्ताधाऱ्यांकडून उत्तर आले की वाईन म्हणजे दारू नव्हे. पुढे ओरड वाढली आणि सरकारला लोकांच्या हरकती मागवाव्या लागल्या. पण ते वाक्य मागे राहिले. आज ते आपल्याच बैठकांमध्ये ऐकू येते. ‘अगं, वाईनचं काय घेऊन बसलीस, ते वेगळं.’

काय वेगळे? राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा काढून बघा. ‘दारू’ची व्याख्या करताना त्यात वाईनचे नाव घेतले आहे. हिशेबही करून बघा. 750 मिलिलिटरच्या बाटलीत 13 टक्के अल्कोहोल धरले तर ते सत्त्याण्णव मिलिलिटर होते. देशीच्या 180 मिलिलिटरच्या चपटीत सुमारे 42 टक्के धरले तर ते पंचाहत्तरच्या आसपास जाते. बाटली चौघांत वाटली जाते आणि चपटी एकटा पितो, हे मान्य. पण मग फरक द्रवातला नाही. पिणाऱ्याच्या पगारातला आहे.

आणि सरकार नेमका तोच फरक पाळते. 2001 च्या द्राक्षप्रक्रिया धोरणापासून इथल्या द्राक्षांच्या वाईनला उत्पादन शुल्कात मोठी सवलत मिळत आली. द्राक्षाची केली की तो शेतीवरचा प्रक्रिया उद्योग. मोहाची गाळणारी आदिवासी बाई मात्र गुन्हेगार, तिची भांडी फोडायला पोलीस.

आता दुसऱ्या बाजूला बघा. गावातले देशीचे दुकान बंद करायचे तर बाईला काय करावे लागते? 2008 च्या आदेशाप्रमाणे आधी पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या गोळा करायच्या. त्या पडताळून घ्यायच्या. मग गुप्त मतदान, उभी बाटली की आडवी बाटली. झालेल्या मतांच्या निम्मी मते पुरत नाहीत; यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे ऊसतोडीला गेलेली बाई, बाळंतपणाला माहेरी गेलेली बाई, यादीतून नाव न काढलेली मेलेली बाईसुद्धा दुकानाच्या बाजूने मोजली जाते! आमदाराला कोणी अशी अट घातली आहे का?

एवढे करूनही जिंकलेले टिकते का? डिसेंबर 2010 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. 2015 च्या एप्रिलपासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. मे 2021 मध्ये सरकारने ती उठवायचे ठरवले. कारण दिले की बेकायदा दारू वाढली. ती रोखणे कोणाचे काम होते, हे कोणी विचारले नाही. आणि त्यानंतर आठच महिन्यांत हा वाईनचा निर्णय.

शेतकऱ्याचे भले होईल, असे सांगतात. नाशिक-सांगलीच्या द्राक्षांतला वाईनला जाणारा वाटा अगदी थोडा. बहुतेक माल खायला जातो, नाहीतर बेदाण्याला. आणि बागेत राबते कोण? सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरून टेम्पोत बसून आलेल्या मजूरबायका. पुरुषाला जास्त मजुरी, बाईला कमी, हे अजून चालूच आहे. वाईनरीशी करार होतो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याचा. ते नाव बहुधा बाईचे नसते. त्या पेटीतल्या चीजचे दूधही गोठ्यात शेण काढणाऱ्या बाईच्या हातचे; बिल जमा होते बहुधा घरधन्याच्या नावावर.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे कोणी ‘संस्कृतिरक्षकां’च्या गटात ढकलायला नको. बायकांनी प्यावी की नाही, हा माझा प्रश्न नाही. पबमध्ये जाणाऱ्या मुलींना मारणारे वेगळे आणि आपण वेगळ्या. आपल्या एखाद्या मैत्रिणीला पेला घ्यावासा वाटला तर तिने घ्यावा. पण तिच्या त्या पेल्याचे नाव पुढे करून बाजार जेव्हा ‘आधुनिक स्त्रीची निवड’ म्हणतो, तेव्हा विचारायला हवे की घरात बाटली आणायची की नाही, ही निवड कोणाची होती? पेटी साहेबांच्या नावाने येते. पाहुणे साहेबांचे. नको म्हणणारी बायको मागासलेली ठरते.

आणि मारहाणीचे काय? वस्तीतली बाई ओरडली तर चार जणी धावून येतात, मोर्चा निघतो. फ्लॅटमधली बाई दार लावून घेते, टीव्हीचा आवाज मोठा करते. ‘ते फक्त वाईनच घेतात हो’, असे सांगत मुका मार झाकणाऱ्या बायका सल्ला केंद्रात येतातच. त्यांच्या सोसायटीत उभी-आडवी बाटली कोण घेणार?

तेव्हा या दिवाळीत ज्या मैत्रिणी कचेऱ्यांत आहेत त्यांनी व्यवस्थापनाला लेखी विचारावे की या पेट्यांवर किती खर्च झाला आणि कंत्राटी सफाई कामगार बायकांना बोनस किती दिला. गावोगावच्या गटांनी झालेल्या मतांवर निकाल लावण्याची मागणी एकत्र लावून धरावी. आणि किराणा दुकानातल्या वाईनचा प्रस्ताव पुन्हा पुढे आला, तर पहिली हरकत शहरातल्या गटांची जायला हवी, चंद्रपूरच्या बायकांनी पुन्हा चालत येण्याची वाट न बघता.