नवा चेंडू दसऱ्याआधी हातात हवा

आपल्याकडे क्रिकेट स्पर्धेचं बक्षीस महिनाभर आधी फलकावर झळकतं आणि चेंडू कोणता वापरणार ते मात्र नाणेफेकीच्या दिवशी कळतं. दुकानातही नवा माल हंगाम अर्ध्यावर आल्यावर येतो. मालेगावच्या गोलंदाजांवर हा सरळ अन्याय आहे.

नवा चेंडू घाईत उतरवला की काय होतं, ते देशाने मोठ्या मैदानावर पाहिलं आहे. भारताच्या पहिल्या दिवस-रात्र कसोटीचा निर्णय 29 ऑक्टोबर 2019 ला पक्का झाला आणि सामना होता 22 नोव्हेंबरला, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर. मेरठच्या एसजी कंपनीकडे सहा डझन गुलाबी चेंडूंची मागणी गेली. दुलीप करंडकात 2016 पासून गुलाबी चेंडू खेळवला गेला होता, पण तो कुकाबुरा कंपनीचा. एसजीचा गुलाबी चेंडू थेट कसोटीतच आला. बांगलादेशचा पहिला डाव 106 धावांत आटोपला, डोक्याला चेंडू लागून त्यांचे दोन खेळाडू बदलावे लागले आणि तिसऱ्या दिवशी तासाभरात सामना संपला. आपले वेगवान गोलंदाज तेव्हा भरात होते, त्यामुळे सगळं खापर चेंडूवर फोडता येणार नाही. पण ऑस्ट्रेलियाने 2015 च्या ॲडलेड कसोटीआधी, मार्च 2014 पासूनच, शेफील्ड शील्ड या देशांतर्गत स्पर्धेत गुलाबी चेंडू रात्रीच्या उजेडात खेळवून पाहिला होता. तेवढी उसंत आपण आपल्या खेळाडूंना दिली नाही.

मालेगावचा हंगाम चेंडू कंपनीच्या कॅलेंडरवर चालत नाही. पाऊस उघडून मैदान वाळेपर्यंत दसरा येतो. शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात, म्हणून कारखान्यात राबणाऱ्या पोरांचा सरावाचा दिवस तोच. एप्रिलमध्ये दुपारी मैदानावर उभं राहवत नाही. म्हणजे नवा चेंडू डिसेंबरात हाती आला, तर त्याची उसळी आणि शिवण ओळखायला मोजके शुक्रवार उरतात. सीझन बॉल, म्हणजे कातडी चेंडू, महाग; तो सरावात झिजवायला सगळ्यांना परवडत नाही; टेनिस चेंडूवर खेळणाऱ्यांना निदान तेवढी सूट आहे.

यात रमजानचं गणित आताच मांडायला हवं. 2025 मध्ये रमजान 2 मार्चला सुरू झाला. दरवर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2030 मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेरीस पुन्हा येईल. रोजे असताना खेळायचं तर रात्रीच, आणि या रात्री आता ऐन थंडीत येणार. थंडी म्हणजे दव. दवात टेनिस चेंडूची लव पाणी पिते, चेंडू जड होतो. कातडी चेंडू बोटांतून निसटतो, फिरकीवाल्याची तर पकडच बसत नाही. कोलकात्यात तो कसोटी सामना दुपारी एकला सुरू केला, तो दव टाळण्यासाठीच. रोजे सोडून मैदानात येणाऱ्याला ती सोय नाही. त्याला दवात टिकणारा चेंडूच हवा, आणि तो कोणता हे चार रात्री टाकून पाहिल्याशिवाय समजणार नाही.

नव्या चेंडूची सवय दुसऱ्या खेळातही करावीच लागते. अमेरिकेत टेनपिन बोलिंगच्या लीग सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात. तिथे नवा चेंडू घेतला की बोटांच्या मापाने भोकं पाडून घ्यावी लागतात, मग लेनवर त्याचं वळण ओळखावं लागतं. सवय व्हायला वेळ लागतो, हे तिथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

यंदा आयोजकांनी एवढं करावं: चेंडूची कंपनी आणि वजन दसऱ्याआधी जाहीर करावं, ठरलेला चेंडू हंगाम संपेपर्यंत बदलू नये आणि प्रत्येक संघाला प्रवेश फीमधूनच दोन चेंडू सरावासाठी आधी द्यावेत. दुकानदारांनीही मागणी गणपतीतच नोंदवावी.