घराचे जोते : आधी गटार, मग भराव

मिरकरवाड्यात काय किंवा एकूणच रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काय, घर बांधणारा माणूस लाद्या निवडायला चार दुकाने फिरतो. पण त्या लाद्यांखाली काय भरले जात आहे, हे पाहायला चार तास उभा राहात नाही. घराची तक्रार मात्र तिथूनच सुरू होते. दोन पावसाळे गेले की कोपऱ्यातली लादी पोकळ वाजते, भिंतीला ओल चढते, रंगाला फुगे येतात. मग मालक गवंड्याला बोल लावतो, गवंडी ठेकेदाराकडे बोट दाखवतो आणि ठेकेदार सगळे खाऱ्या हवेवर ढकलून मोकळा होतो. आमच्या मते दोष बहुतेक वेळा कामाच्या क्रमात आणि पैसे देण्याच्या पद्धतीत असतो.

प्रथम पाण्याचा हिशेब करू. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. १,२०० चौरस फुटांच्या छपरावर ३,००० मिलिमीटर धरले तरी ३ लाख ३० हजार लिटर पाणी उतरते. दहा हजार लिटरचे ३३ टँकर जोत्याच्या कडेला ओतावेत, तसा हा प्रकार. आपला जांभा चिरा सच्छिद्र. तो खालचे पाणी वर ओढतो आणि पाण्याबरोबर खारही आणतो. म्हणून जोत्याभोवती दोन-अडीच फुटांची फरसबंदी हवी. तिला बाहेरच्या बाजूला फुटामागे पाव इंच उतार आणि तिच्या कडेने गटार. टेकडीच्या अंगाला घर असेल तर वरच्या बाजूचे पाणी जोत्यापर्यंत येण्याआधीच वळवले पाहिजे. बंदराच्या सखल बाजूला आणखी एक पाहावे लागते : गटाराचे तोंड उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली असेल तर बाहेर जाण्याऐवजी पाणी उलटे आत येते.

हे गटार लोक घर झाल्यावर, पैसे उरले तर करतात. पैसे कधी उरत नाहीत.

आता भराव. सगळी गडबड होते ती इथेच, कारण भराव ब्रासवर मोजला जातो. ब्रास म्हणजे १०० घनफूट. जोत्याच्या आत ४० बाय ३० फुटांची जागा आणि अडीच फूट उंची असेल तर ३,००० घनफूट, म्हणजे ३० ब्रास झाले. पण ट्रकमधून सैल आलेला ३० ब्रास माल नीट धुमस केल्यावर ३० ब्रास राहात नाही. पाचवा हिस्सा बसतो असे धरले तरी सुमारे ३८ ब्रास आणावा लागेल. ज्याचा ठेका ठरावीक रकमेचा, तो वरचे आठ ब्रास स्वतःच्या खिशातून का आणील? तो ३० ब्रास ओततो, वरून पाणी मारतो आणि कोबा करून टाकतो. जे तेव्हा दाबले नाही, ते पुढे घरात माणसे राहायला आल्यावर बसते.

भराव अर्ध्या-पाऊण फुटाच्या थरांनी करावा. प्रत्येक थराला पाणी द्यावे, धुमस करावी आणि मगच पुढचा थर टाकावा. मुरूम किंवा चिऱ्याची कपची चालेल. शेतातली काळी माती, झाडाची मुळे, लाकडाचे तुकडे नकोत. वाळवीला ते आमंत्रणच आहे. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळाली तरी घेऊ नये, तिच्यातले मीठ जन्मभर ओल ओढते.

जुने लोक जोते भरून एक पावसाळा तसेच सोडीत. आखातातून दोन महिन्यांच्या रजेवर आलेल्या भावाला हे परवडत नाही, हे आम्हाला मान्य आहे. घाई असेल तर भराव दाबण्याचे यंत्र भाड्याने आणा. मात्र वेळही नाही आणि यंत्रही नाही, असे चालणार नाही. दर्यावरच्या मंडळींना तर सोय आहेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मालक घरी असतो. त्या दोन महिन्यांत पाणी कुठून येते आणि कुठे तुंबते, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे.

स्लॅबविषयी थोडक्यात. भरावावर सोलिंग, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, मग काँक्रीट. सळई असेल तर किनाऱ्यावरच्या उघड्या कामासाठी भारतीय मानक ४५६ किमान एम-३० दर्जाचे काँक्रीट आणि ४५ मिलिमीटर कव्हर सांगते. सळईखाली दगडाची कपची सरकवून कव्हर होत नाही, नीट ठोकळे लावा. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते कालवायलाही नको आणि वर मारायलाही नको. हल्ली दुकानात मिळणारे सिमेंट बहुधा मिश्र प्रकारचे असते. त्याला किमान दहा दिवस ओले ठेवावे लागते. तीन दिवसांत पाणी बंद करण्याची सवय सोडली पाहिजे.

कारागीर बांधवांनाही सांगणे आहे. धुमस फुकटात करू नका, तिची रोजंदारी वेगळी लावा आणि दाबलेल्या भरावाचेच माप धरा. मालकांनी ती मजुरी आनंदाने द्यावी, गटाराची रक्कम सुरुवातीलाच बाजूला काढावी आणि ठेक्याचा एक हप्ता पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावा. हे सारे काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, मग ठेकेदार सख्खा मेहुणा का असेना.