न्यूसम यांनी 'जात' का वगळली?

गॅव्हिन न्यूसम २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर झाले. सुमारे महिनाभरातच, राज्याचा कायदा विरोधात असताना, त्यांनी समलिंगी जोडप्यांना विवाह परवाने द्यायला लावले. कायद्याच्या पुढे चालणारा नेता ही ओळख त्यांना तिथून मिळाली.

२०१९ मध्ये ते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले. २०२३ मध्ये आयेशा वहाब यांचे एसबी ४०३ विधेयक दोन्ही सभागृहांत मोठ्या बहुमताने मंजूर झाले. भेदभावविरोधी कायद्यात 'जात' हा शब्द स्पष्ट यावा, एवढीच मागणी होती. त्यासाठी कार्यकर्ते उपोषणाला बसले. तरीही ७ ऑक्टोबरला न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. जातीय भेदभावाला सध्याच्या कायद्याने बंदी आहेच, म्हणून विधेयक अनावश्यक, असे त्यांचे म्हणणे.

आम्हाला हे पटत नाही. कायद्यात नाव नसेल, तर जात म्हणजे काय इथूनच पीडिताला सुरुवात करावी लागते. आपल्या संविधानाच्या कलम १५ मध्ये धर्म आणि वंशाच्या शेजारी 'जात' वेगळी लिहिली आहे, ती उगाच नाही.

मात्र बंदी आहे, हे गव्हर्नरांनी लेखी दिले आहे. तिथल्या आपल्या बांधवांनी प्रत्येक तक्रारीला तेच पत्र जोडावे.